घरच्यांचं नाव लिहीत नाहीत

आमच्या ह्यांना हॉस्पिटलात सगळे हजेरीमास्तर म्हणायचे. शाळेशी ह्यांचा संबंध सातवीपर्यंतचा. हे बॉयलरवर होते. धुलाईघराला वाफ पुरवायची हे ह्यांचं काम, आणि त्या वाफेवर इस्त्री होऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या हे माझं. लग्न तिथेच जमलं. कसं जमलं ते सांगत बसत नाही, विषय वेगळा आहे आणि मला आता तेवढा हुरूपही नाही.

नाव पडलं ते संपात. चौतीस वर्षं झाली त्याला. आम्हाला कायम करा, एवढीच मागणी होती. एक्केचाळीस दिवस चालला. नवव्या दिवशी मोर्चा निघाला, लाठ्या बसल्या, जो तो वाट फुटेल तिकडे पळाला आणि आपापल्या घरी जाऊन दार लावून बसला. आमच्यात एक गठ्ठेवाला होता. वॉर्डावॉर्डातून मळक्या कपड्यांचे गठ्ठे गोळा करून आणायचा. एकटा जीव, भाड्याच्या खोलीत राहायचा, घरी वाट बघणारं कोणी नाही. तो पोचला नाही हे कोणाला कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी गोदामामागच्या नाल्यात सापडला. तेव्हा धुगधुगी होती म्हणतात. ज्या हॉस्पिटलचे गठ्ठे वाहिले तिथे आणेपर्यंत तीही गेली. पळताना हे त्याच्या शेजारी होते. हे माझ्यासमोर रडले ते तेवढे एकदाच.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी वही सुरू केली. निघताना सगळ्यांची नावं लिहायची, परत आल्यावर एकेक नाव मोठ्याने वाचायचं. माणसाने स्वतः 'पोचलो' म्हणायचं, नाहीतर त्याला पोचलेला बघणाऱ्याने म्हणायचं. शेवटचं नाव होईपर्यंत कोणी हलायचं नाही. सुरुवातीला लोक हसले, मग सवय झाली, मग तर अशी सवय झाली की वही नसेल तर लोक निघायचे नाहीत. माझं नाव त्यात कधीच नसायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरच्यांचं नाव लिहीत नाहीत. ते डोक्यात असतं." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. लग्नाला तीनच वर्षं झाली होती, बरं वाटायचंच.

आता आम्ही दोघं निवृत्त. ह्यांचे गुडघे गेले, माझी पाठ गेली. धुलाईघर ठेकेदाराकडे गेलं. आणि आमची लेक, आमची एकुलती एक, तिथेच लागली. मी नको नको म्हणत होते. पण पालथ्या घड्यावर पाणी. दोन वर्षं दुसरं काही मिळालं नाही, म्हणून गेली, आणि पाच वर्षं झाली, तिथेच आहे. वर्गवारीच्या टेबलावर. म्हणजे गठ्ठा सोडायचा आणि रक्ताचं एकीकडे, साधं एकीकडे, ऑपरेशनचं हिरवं तिसरीकडे, असं हाताने निवडायचं. वॉर्डातली माणसं घाईत असतात. चादरीत सुया राहतात.

आमच्या वेळी कोपरापर्यंतचे जाड हातमोजे होते. ठेकेदाराने पातळ दिले, तेही आठवड्याला एक जोड. लेकीची एक मैत्रीण आहे, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. तिला सुई टोचली. कोणाला टोचलेली सुई, काय रोगाची, काही माहीत नाही. ठेकेदार म्हणाला, नीट बघून काम करत नाही, तुझी चूक. पोरीने स्वतः रांगेत उभं राहून तपासणी करून घेतली आणि निकालासाठी तीन महिने थांब म्हणाले. तीन महिने ती आईच्या ताटात जेवली नाही. 

तेव्हा पोरांनी ठरवलं, धरणं धरायचं. जाड मोजे द्या आणि टोचलं तर तपासणी तुम्ही करा, एवढं दोनच ओळींचं. पण ठरवलं कसं, तर फोनवर. एक ग्रुप, त्यात नावं नाहीत, एकाचं चित्र मांजराचं, दुसऱ्याचं बादलीचं. निरोप एका दिवसात आपोआप पुसला जातो. पुढारी नाही, अध्यक्ष नाही. तोंडाला मास्क लावून बसायचं. तीन पाळ्यांत मिळून साठ माणसं, त्यातलं कोण सुट्टीवर, कोण रस्त्यावर हे ठेकेदाराला कळता कामा नये, हा बेत. कारण ठेक्यात स्पष्ट लिहिलं होतं की निदर्शनात दिसला तो घरी.

लेकीने जेवताना हे सांगितलं आणि ह्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं?" हे म्हणाले. "तोंड झाकून कोण मागतं? आम्ही नाव, हुद्दा, सही करून मागितलं."

"तुम्हाला मिळालं बाबा. कायम झालात."

"सहीमुळेच झालो."

"तुम्हाला काढायचं तर त्यांना कारण द्यावं लागायचं. आम्हाला एक मेसेज येतो."

"पुसला जाणारा निरोप म्हणजे निरोप आहे का? उद्या कोण म्हणेल तू बोललीस म्हणून?"

"कोणी म्हणू नये म्हणूनच पुसतो," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

मी दोघांच्या मध्ये बसून जेवत होते. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. हे आमच्या घरात पाच वर्षं चाललंय. तिचं म्हणणं, तुमच्यात चार माणसं बोलायची आणि बाकीचे माना डोलवायचे. ह्यांचं म्हणणं, तुमच्यात सगळे बोलतात आणि ऐकायला कोणी नाही. मी म्हणते, आधी जेवा.

हे येणारच म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. लेक शेवटी म्हणाली, "या. सावलीत बसा. पण बाबा, कोणाला नाव विचारायचं नाही. एवढं पाळा."

"बरं," हे म्हणाले. मी साक्षीला आहे. बरं म्हणाले होते.

सकाळी दहाला आम्ही गेटवर पोचलो. वीस पोरं-पोरी रस्त्याकडेला रांगेत बसलेली, लेक धरून वीस. तोंडाला निळे मास्क, हातात फाटलेले मोजे. घोषणा नाहीत. मोजे नुसते समोर मांडून ठेवले होते, आणि एक जण त्याचं चित्रीकरण करत होता. लोक थांबायचे, बघायचे, फोटो काढायचे. खरं सांगते, आमच्या घोषणांना लोक एवढे थांबत नव्हते. हे मात्र अस्वस्थ. ह्यांना ते धरणं वाटतच नव्हतं. दुकान मांडल्यासारखं दिसतंय म्हणाले.

दुपारी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. कोणी उतरलं नाही, नुसती उभी राहिली. तेवढ्याने ह्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडून पिशवी मागून घेतली. म्हणाले पाणी हवंय. पिशवीतून वही काढली. ती कधी टाकली होती मला पत्ता नाही. पाण्याची बाटली घेऊन हे एका टोकापासून निघाले, एकेकाला पाणी द्यायचं आणि पुढे सरकायचं.

विचारायची गरजच नव्हती. मास्क असला म्हणून काय झालं? ही इस्त्रीवाल्याची धाकटी, बापासारखीच एका कुशीवर कलून बसते. हा पिळण्याच्या मशीनवरच्या बाईचा नातू, तिचेच डोळे. धुलाईघरात नोकरी वडिलांच्या ओळखीने लागते, निम्मी आमच्याच जुन्या माणसांची पिल्लं. ज्यांना ओळखलं नाही त्यांनी आपणहून सांगितलं. घरी लहानपणापासून हजेरीमास्तरांच्या गोष्टी ऐकलेल्या. आजोबा पाणी देतायत, विचारतायत, परत जाताना मोजायला हवं म्हणतायत, नाही कसं म्हणणार? लेक दुसऱ्या टोकाला हॉस्पिटलच्या अधिकाऱ्याशी बोलत होती. तिने पाहिलं नाही. मी पाहिलं. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, पोरांची काळजी करतायत, असंच वाटलं.

चारच्या सुमारास पोलीस उतरले. मारलं वगैरे नाही, नुसते रांगेने पुढे आले. पोरं उठली आणि ठरल्याप्रमाणे पांगली, कोणी हॉस्पिटलच्या आतून मागच्या गेटाने, कोणी गल्लीने. दोन मिनिटांत रस्ता मोकळा. ठरल्याप्रमाणे हं. पण हे ह्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांसमोर तीच जुनी पळापळ. हे वही धरून रस्त्याच्या मधोमध उभे, "थांबा, थांबा, नावं होऊ द्या," म्हणतायत आणि ऐकायला कोणी नाही.

तेव्हा गेटातून एक तरुण आला. ठेकेदाराचा सुपरवायझर. स्वच्छ शर्ट, बोलायला मऊ. ह्यांना हाताला धरून कडेला आणलं. म्हणाला, "काका, मागच्या गेटाशी दोन मुली पडल्यात म्हणे. कोण आहेत ते कळत नाही, घरी कळवायला हवं. तुमच्याकडे नावं आहेत ना? द्या, मी बघून येतो कोण पोचलं, कोण नाही."

चौतीस वर्षांत ह्यांना दुसऱ्या कोणी हे विचारलं नव्हतं. कोण पोचलं, कोण नाही. आमच्या वेळी गेटवरचा पहारेकरीसुद्धा आमचाच असायचा, वही हातात घेऊन खुणा करायचा. ह्यांनी वही दिली. वर म्हणाले, "नीट बघ हं बाळा." पाच मिनिटांत तो परत आला, सगळ्या पोचल्या म्हणाला, वही दिली, ह्यांना पाणी दिलं. रस्ताभर हे खुशीत होते. म्हणाले, नवीन पोरांतही माणुसकी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकोणीस जणांच्या फोनवर मेसेज आला. उद्यापासून येऊ नये. एकोणीस. आमच्या लेकीला नाही.

तिला आधी कळेना. मग ती ग्रुप उघडायला गेली तर ग्रुपच दिसेना. तिला काढून टाकलं होतं. कोणी शिवी दिली नाही, कोणी जाब विचारला नाही, नुसतं काढलं. चष्मेवालीला फोन केला, तिने उचलला नाही. लेक तशीच चप्पल घालून गेटवर गेली आणि तासाभरात परत आली. ओट्याला टेकून उभी राहिली. "त्यांना वाटतंय मी नावं दिली," म्हणाली. "मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. वीस जण बसले, एकोणीस गेले, एक राहिली."

हे खुर्चीत बसले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पिशवीतून वही काढली, पान उघडलं, बोट ठेवून मोजलं. दोनदा मोजलं.

"वही मी दिली," हे म्हणाले.

"कोणाला?"

"त्या सुपरवायझरला. पोरी पडल्यात म्हणाला."

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही घेतली, पान वाचलं. "माझं नाव कुठाय?"

"घरच्यांचं लिहीत नाहीत."

ती हसली. ते हसू मला अजून आठवतं आणि आठवावंसं वाटत नाही.

त्या दिवशी ती सुपरवायझरकडे गेली. मीही बसले होते, मलाही काढा, म्हणाली. तो म्हणाला, यादीत तू नाहीस, कामाला ये, माणसं कमी आहेत. त्याला बरंच झालं. एक आत राहिली की बाहेरच्या एकोणिसांचं तोंड तिच्याकडेच वळतं, हे त्याला आमच्याहून चांगलं कळत होतं. ती कामाला गेली नाही. दोन दिवस गेटसमोर जाऊन बसली. एकोणीस जण गाड्या लावायच्या शेडखाली, ही पन्नास पावलांवर, उन्हात एकटी. वडिलांचं नाव तिने सांगितलं नाही. मी म्हटलं सांगून टाक, तर म्हणाली, "त्यांचं हजेरीमास्तर हे नाव सोडून त्यांच्याकडे आहे काय?" बापावर एवढी चिडलेली असूनही असं म्हणाली. मला दोघांचाही कंटाळा आला होता आणि दोघांसाठीही जीव तुटत होता.

तिसऱ्या दिवशी हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चल," मला म्हणाले. मी विचारलं नाही कुठे.

आम्हाला येताना बघून लेक उठली. "बाबा, नको," म्हणाली. हे थांबले नाहीत. गुडघे धरत शेडपर्यंत गेले आणि त्या एकोणीस जणांसमोर उभे राहिले. आता मास्क नव्हते कोणाला, लपवायचं काय राहिलं होतं? सगळी कोवळी तोंडं, जागरण झालेली. लेक माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"नावं माझ्या वहीतून गेली," हे म्हणाले. "मी स्वतःच्या हाताने दिली. हिला काही माहीत नव्हतं. हिने मला नावं विचारू नका म्हणून सांगितलं होतं."

  इस्त्रीवाल्याची धाकटी रडायला लागली. चष्मेवाली मात्र ह्यांच्याकडे बघत होती.

"काका, मग हिचं नाव का नव्हतं?"

"वही लिहिणारा घरच्यांचं लिहीत नाही. पद्धत आहे आमची. घरचं माणूस डोक्यात असतं."

"आम्ही पोचलो का ते बघायला लिहिलंत ना तुम्ही?"

"हो."

"मग ही पोचली का ते बघायचं नव्हतं?"

 चष्मेवालीचा आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता, तीन महिने निकालाची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा. ती म्हणाली, "काका, खरं सांगा. नाव कागदावर आलं की काय होऊ शकतं, हे तुम्हाला माहीत होतं."

मला वाटलं हे आता चिडतील. आम्ही सह्या करून लढलो वगैरे सांगतील. 

"होतं," म्हणाले. "हिचं लिहायला हात धजला नाही."

"आमचं लिहायला धजला."

"हो."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी ही म्हण लेकीला लहानपणी हसत हसत शिकवली होती. त्या शेडखाली ती माझ्या मनात आली आणि मान वर करवेना.

चष्मेवालीने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. लेकीला म्हणाली, "ये. बस." एका पोराने सरकून आणखी जागा केली. लेक गेली, बसली. कोणीतरी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिचं नाव तिला परत मिळालं होतं. नोकरी तिने सोडली होती, पण ती आता एकटी नव्हती.

ह्यांना कोणी बसा म्हणालं नाही. वाईटही बोललं नाही कोणी. ती पोरं आपसात बोलायला लागली, वकील कोणाच्या ओळखीचा आहे, कामगार कचेरी किती वाजता उघडते. हे तिथेच उभे. आमच्या पिढीत निदान चार शिव्या घातल्या असत्या, एखाद्याने कॉलर धरली असती, मग चहा झाला असता. मी लेकीकडे बघितलं. तिने एकदाच वर बघितलं आणि 'ने त्यांना' अशी मान हलवली. मी ह्यांचा दंड धरला. "चला," म्हटलं.

 परतीच्या वाटेवर हे दर वीस पावलांवर थांबत होते. माझ्या डोक्यात मात्र काहीतरी सुरू झालं होतं, आणि ते थांबेना. संप मिटला तेव्हा कोणाला परत घ्यायचं ते ठरवायला ऑफिसने संपकऱ्यांची यादी मागितली होती. सगळ्यांना घेणार असा शब्द दिला होता. यादी ह्यांनीच वहीवरून उतरवून दिली, नावं दुसरीकडे होतीच कुठे? मग त्यातल्या बाविसांना घेतलं नाही. शब्द फिरवला म्हणून आम्ही ऑफिसला शिव्या घातल्या. ह्यांना घेतलं, कारण बॉयलर समजणारा दुसरा माणूस नव्हता. आणि मी दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर उभी होते. माझ्या समोर उभी राहून चादरीची दुसरी बाजू धरणारी बाई त्या बाविसांत होती. ती पुढे घरोघरी धुणी धूत होती. मला सांगितलं गेलं, तुझी घडी चांगली येते म्हणून ठेवलं. मी ते सगळ्यांना अभिमानाने सांगत आले.

वळणाशी हे कठड्याला टेकले तेव्हा मी विचारलं, "माझंही नाव तेव्हा असंच गाळलं का? हात धजला नव्हता म्हणून?"

 हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूही कधी विचारलं नाहीस."

संपानंतर अठ्ठावीस वर्षं मी त्या टेबलावर उभी होते. नाही विचारलं.